पागलखाना चौकात उतरणारी सिस्टर

पत्र : ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे, नागपुरात मानेवाड्याला राहते. बी.एस्सी. नर्सिंग होऊन चार वर्षं झाली. धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला ड्युटी करते. मला मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायचं आहे. कारण एक पेशंट. यवतमाळकडची, बावीस-तेवीस वर्षांची, विष घेतलेली. नऊ दिवस आम्ही झटलो, ती वाचली, घरी गेली. दीड महिन्यानं परत आली, आणि या वेळी गेली. पहिल्या वेळी रात्री ती मला दोनदा म्हणाली होती, "सिस्टर, बसा ना जरा." दोन्ही वेळा मी "आले हं" म्हणून पुढच्या बेडकडे गेले. घरी शिक्षणाचं बोलले तर आई म्हणते, "पागलखान्यात नौकरी करशीन तं तुले पोरगं कोण पाहीन?" आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात, सायकियाट्रीला भाव नाही, मेडिकल-सर्जिकल घे. मैत्रीण म्हणते, एक वर्षाचा डिप्लोमा कर, पुरे. अमेरिकेत म्हणे सायकियाट्रिक नर्स स्वतः औषधं लिहून देते. आपल्याकडे तसं होईल का? मी काय करू? आणि हे सगळं होईपर्यंत, आत्ता, आयसीयूत मला काय करता येईल?

उत्तर : तुला 'तू'च म्हणते. चौतीस वर्षं वॉर्डात आणि वर्गात काढली, विद्यार्थिनींना अशीच हाक मारत आले.

तुला थांबवून ठेवत नाही, आधी उत्तर देते. कर. मानसिक आरोग्य नर्सिंगच कर. फक्त एक मागणं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे : पदवी हातात पडली की वॉर्ड सोडून जाऊ नकोस. आपल्याकडे एम.एस्सी. झालेली बहुतेक मुलगी थेट नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागते. शिकवणं वाईट नाही, मीही केलं. पण पेशंटच्या खाटेजवळ दोन वर्षांचं जास्तीचं शिक्षण घेतलेलं कुणी उरतच नाही. ज्या मुलीनं तुला "बसा ना" म्हटलं, तिच्याजवळ बसायला शिकलेली बाई त्या वेळी एखाद्या वर्गात फळ्यासमोर उभी असते.

त्या मुलीबद्दल थोडं बोलू, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय. तू पत्रात तिचं वय, तिचा जिल्हा, तिचे शब्द लिहिलेस. त्या रात्री तुझ्याकडे किती पेशंट होते, ते लिहिलं नाहीस. मी आयसीयूत काम केलंय. एकाचं सक्शन, दुसऱ्याचं बीपी पडतंय, तिसऱ्याचा नातेवाईक काच ठोकतोय, अशा वेळी 'आले हं' म्हणणारी सिस्टर निर्दय नसते. पण ते दोन शब्द तुला टोचतात, आणि टोचायलाही हवेत, कारण ती काहीतरी सांगू पाहत होती हे तुला तेव्हाही कळलं होतं. मला जास्त टोचतं ते दुसरंच. नऊ दिवसांत तिच्या रक्ताच्या किती तपासण्या झाल्या असतील, किती औषधं चढली असतील. पण 'घरी गेल्यावर पुन्हा असं वाटलं तर काय करशील' हा प्रश्न विचारणं कुणाचंच काम नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर फॉलोअपची तारीख फिजिशियनची असेल. मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी होती का? पैजेवर सांगते, नसणार.

आणि हे आता नुसतं माणुसकीचं राहिलेलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग कुणी वाचत नाही. पुन्हा असं घडू नये म्हणून अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलंय. तुझ्या पेशंटला पहिल्या नऊ दिवसांत जे मिळालं नाही, ते तिच्या हक्काचं होतं.

पण प्रायश्चित्त म्हणून ही पदवी घेऊ नकोस. असं मी कळवळून सांगते, कारण अशा मुली मी पाहिल्या आहेत. पहिल्या सहा महिन्यांत त्या प्रत्येक पेशंटमध्ये त्या एकीला शोधतात, प्रत्येकाला वाचवायला जातात, आणि दुसऱ्या वर्षात थकून गप्प होतात. मनोविकारांत काही माणसं आपल्या हातून निसटतात, चांगल्यातल्या चांगल्या हातांतूनही. प्रवेश घेण्याआधी तुझ्या मनातली ती रात्र कुणा समुपदेशकाजवळ बसून नीट सांगून टाक. पाहिजे तर १४४१६ वर, टेली-मानसवर, फोन करून सुरुवात कर. ती सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, ती फक्त पेशंटसाठी आहे असं समजू नकोस.

आता प्रवेशाचं. तुझ्याकडे बी.एस्सी. आहे, नोंदणी आहे, चार वर्षांचा अनुभव आहे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमांत एम.एस्सी.ला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक, म्हणजे पदविकेनंतर केलेल्या बी.एस्सी.मध्ये किमान ५५ टक्के आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, तो तुला भरपूर झालाय. कोर्स दोन वर्षांचा. महाराष्ट्रात कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली असतात आणि प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. अभिमत विद्यापीठं आपली परीक्षा वेगळी घेतात. बाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूचं निम्हान्स आणि दिल्लीचं एम्स, दोन्हीकडे मानसिक आरोग्य नर्सिंगचं एम.एस्सी. आहे आणि दोघांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. निम्हान्सचा फॉर्म भरच. मिळालं नाही तर बिघडलं काहीच नाही, आणि मिळालं तर दोन वर्षांत जे दिसेल ते एरवी दहा वर्षांत दिसत नाही.

पण कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, निकालाची टक्केवारीसुद्धा नंतर बघ. एकच गोष्ट विचार : तुमच्या एम.एस्सी.च्या मुली रोज सकाळी कुठल्या वॉर्डात जातात? वर्षातून किती आठवडे मनोरुग्णालयात, किती व्यसनमुक्तीला, किती लहान मुलांच्या बाल मार्गदर्शन केंद्रात, किती गावात? तिथं शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्यासोबत वॉर्डात उभ्या राहतात की फक्त फाईल तपासतात? प्रबंधाला मार्गदर्शन करणारी व्यक्ती मानसिक आरोग्य नर्सिंगचीच आहे ना? सीनियर मुलींना कॉलेजच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठ आणि विचार, ऑफिसात विचारू नकोस. आणि त्या कॉलेजला या विषयाच्या एम.एस्सी.साठी मान्यता आहे की फक्त बी.एस्सी.साठी, हे कागदावर बघून घे. मान्यता विषयवार असते, फी भरून झाल्यावर हे कळलेल्या मुली मला माहीत आहेत.

पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षणशास्त्र, प्रगत नर्सिंग, संशोधन व संख्याशास्त्र आणि आपल्या विषयाचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. संख्याशास्त्राला सगळ्या घाबरतात, जमून जातं. खरं कठीण वेगळंच आहे, आणि तेच मला तुला जरा सविस्तर सांगायचंय.

त्याचं नाव प्रोसेस रेकॉर्डिंग. पेशंटशी वीस मिनिटं बोलायचं, मग वहीत उभे रकाने पाडून शब्दन् शब्द लिहायचा. पेशंट काय म्हणाला, तू काय म्हणालीस, त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं, आणि तू तसं का बोललीस. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या आठवड्यात मुली रडतात. कारण कागदावर दिसतं की पेशंट म्हणाला, "मला घरी कोणी बोलवत नाही", आणि आपण म्हणालो, "जेवलात का?" घाबरून विषय बदलला. आयुष्यभर आपण दुःखाला असंच उत्तर देत आलो, हे निळ्या शाईत समोर येतं. तुझं 'आले हं' त्याच जातीचं आहे. ही सवय मोडायला दोन वर्षं लागतात. हिल्डेगार्ड पेपलाव या अमेरिकन परिचारिकेनं १९५२ सालीच मांडलं होतं की नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, आणि त्या नात्याला सुरुवात, मधला काळ आणि शेवट असतो. शेवटही शिकावा लागतो. पोस्टिंग संपलं म्हणून एका सोमवारी तू अचानक यायची बंद झालीस, तर ज्याला सगळ्यांनी टाकलंय त्या माणसाला तूही टाकलंस.

आणखी एक. पुस्तकं इंग्रजीत असतील, पेशंट वऱ्हाडीत बोलेल. "जीव घाबरते", "डोकं भणभणून राह्यलं", "बाहेरचं झालं", "अंगात येते". यातलं काय लक्षण आहे, काय श्रद्धा आहे आणि काय नुसती बोलायची रीत, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मानसिक स्थितीच्या तपासणीत म्हणीचा अर्थ विचारतात, माणूस शब्दाच्या पलीकडचा अर्थ पकडतो का ते बघायला. इंग्रजी म्हणीचं भाषांतर करून विचारणाऱ्या मुली मी ऐकल्या आहेत. पेशंट गोंधळतो आणि मुलगी वहीत लिहिते, 'अमूर्त विचारक्षमता बाधित'. अगं, 'नाचता येईना अंगण वाकडं' विचार. शंभरातून सात वजा करत जा असं शाळा न पाहिलेल्या आजीला सांगण्यापेक्षा पन्नासची नोट दिली, बारा रुपयांची भाजी घेतली, किती परत येतील असं विचार. तू मानेवाड्याची आहेस, घरात तुझी आई असं बोलते. हे भांडवल बंगळुरूला शिकून आलेल्या कुणाकडेही नसेल. त्याची वही आजपासूनच कर.

तुझी आयसीयूची चार वर्षं वाया जातील असं तुला कुणी म्हटलं असेल. उलट आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी नोकरी नवीन होती. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, पारा ४५च्या पुढे, वॉर्डात पंखे गरम हवा फेकत होते. लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, असलेली एक बाई दोन दिवस उलट्या-जुलाबांनी हैराण होती. हात थरथरत होते, चालताना तोल जात होता. मी नोंद केली, 'ऊन लागलं असावं', लिंबूपाणी दिलं आणि रात्रीची गोळीही दिली. सकाळी तिची जीभ जड झाली होती. सुदैवानं त्या दिवशी राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, गोळी बंद केली, रक्त पाठवलं. लिथियमचं रक्तातलं प्रमाण लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट हवं, १.५च्या वर विषबाधा सुरू होते. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे कुणालाही होऊ शकतं. ती बाई वाचली. तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्यानंतर थरथरणारा हात बघून मी कधीच उन्हावर ढकललं नाही.

तसंच मनोविकाराच्या औषधांवर असलेल्या माणसाला ताप आला, अंग लाकडासारखं ताठ झालं, घाम, नाडी वरखाली, तर आपल्याकडे पहिला शब्द 'उष्माघात'. ती त्या औषधांचीच जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते, आणि तेव्हा पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना उठवणारी सिस्टर लागते. क्लोझापिन या मनोविकाराच्या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यावर असलेल्याचा साधा घसा दुखला तरी त्या बघाव्या लागतात. सायकियाट्री म्हणजे नुसत्या गप्पा, असं तुझ्या इन्चार्जना वाटत असेल तर त्यांना हे सांग. मॉनिटर वाचायला शिकलेली नर्स मनोरुग्णालयाला सोन्यासारखी आहे, कारण तिथं मॉनिटर नसतो, तुझे डोळे असतात.

इन्चार्ज सिस्टरांच्या 'भाव नाही'मध्ये तथ्य आहे, ते झाकत नाही. खासगी रुग्णालयात एम.एस्सी. नर्सला वॉर्डात वेगळं पद आणि वेगळा पगार मिळणं आजही अवघड आहे, म्हणूनच सगळ्या कॉलेजांकडे वळतात. पण जागा आहेत : मनोरुग्णालयं, व्यसनमुक्ती केंद्रं, मोठ्या रुग्णालयांतले मनोविकार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. हा कार्यक्रम १९९६ पासून आहे आणि त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञासोबत नर्सचंही पद धरलेलं आहे. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. काम इतकं आहे. पैसा मात्र त्या प्रमाणात नाही, ते धरून चाल. घरी कर्जाचे हप्ते असतील तर हिशेब वहीत मांड, मगच राजीनामा दे.

डिप्लोमाचं मैत्रिणीनं सुचवलेलं चुकीचं नाही. एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा कामाच्या दृष्टीनं पक्का असतो, जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगची पदविका झालेल्या मुलींनाही खुला आहे, आणि ज्यांना घर चालवायचंय त्यांना मी तोच सांगते. पण तुझं बी.एस्सी. झालंय, वय सत्तावीस आहे. संशोधन शिकशील तर तुझ्या त्या मुलीसारख्या पेशंटचं पुढं काय होतं हे मोजून दाखवता येईल. प्रबंधाचा विषय तुला आत्ताच सापडलेला आहे, बघ : विषबाधेतून वाचून घरी गेलेल्यांना नर्सनं फोनवर आणि घरी जाऊन संपर्कात ठेवलं तर काय फरक पडतो. नैतिकता समितीची परवानगी, पेशंटची संमती, सगळं रीतसर करावं लागेल. पण विदर्भात हा विषय कुणी हाती घ्यायला हवा, तर तो तूच घे.

अमेरिकेचं. तिथं सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर म्हणून वेगळं पद आहे. नोंदणीकृत नर्सनं पदव्युत्तर किंवा डॉक्टरेट पातळीचं शिक्षण घ्यायचं, राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा द्यायची, मग ती निदान करते, औषधं लिहिते. काही राज्यांत स्वतंत्रपणे, काही राज्यांत डॉक्टरांशी करार करून. इथलं एम.एस्सी. नेऊन दाखवलं की ते पद मिळतं असं नाही. आधी एनक्लेक्स ही तिथल्या नर्स-परवान्याची परीक्षा, तिथली नोंदणी, मग तिथलं शिक्षण. आणि आपल्याकडे, नाही, एम.एस्सी. झाली तरी तू औषध लिहून देणार नाहीस. २०१७ च्या कायद्याचं कलम १०६ स्पष्ट सांगतं की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध वा उपचार कुणी सुचवायचे नाहीत.

पण त्याच कायद्यानं नर्सला जे दिलंय ते आपल्याच लोकांना माहीत नाही. मानसिक आरोग्य नर्सची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होऊ शकते, आणि नोंद झाली की ती 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरते. म्हणजे काय, तर स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला कलम ८९ खाली तीस दिवसांपर्यंत दाखल करायचं असेल, तेव्हा दोघांनी तिला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यावसायिक. ती दुसरी व्यक्ती तू असू शकतेस. एखाद्या माणसाचं स्वातंत्र्य काही दिवसांसाठी काढून घ्यायचं की नाही यावर तुझी सही लागू शकते. राज्य प्राधिकरणातही पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या एका मानसिक आरोग्य नर्सची जागा आहे. कायद्यातली मानसिक आरोग्य नर्सची व्याख्या मात्र इतकी सैल आहे की जनरल नर्सिंगची पदविकाही त्यात बसते. ज्या कामावर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून आहे त्याला एवढीशी अट मला मान्य नाही. म्हणून तर म्हणते, तू पूर्ण शिक.

बांधून ठेवण्याचंही तसंच. साखळ्या घालायला कायद्यानं पूर्ण बंदी आहे. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, अठ्ठावीस जण त्या आगीत गेले. भूल न देता शॉक देणं बंद, एकांतकोठडी बंद. शरीर आवरून धरणं हे फक्त तातडीचा धोका टाळायला, दुसरा कुठलाच मार्ग नसेल तेव्हा, आणि तज्ज्ञाच्या परवानगीनं. हे सगळं कागदावर छान आहे. रात्री तीन वाजता चिडलेल्या माणसासमोर दोन नर्स आणि एक अटेंडंट असतात, तेव्हा आवाज न चढवता, हात मोकळे ठेवून, दाराकडे पाठ करून उभं कसं राहायचं आणि त्याला काय म्हणायचं, हे ज्याला येतं त्याच वॉर्डात कायदा पाळला जातो.

आता आई. कोराडी रोडवरच्या त्या चौकाला सगळं नागपूर अजून पागलखाना चौकच म्हणतं. ऑटोवाल्याला 'प्रादेशिक मनोरुग्णालय' सांगितलं तर तो मागे वळून बघतो. ते रुग्णालय १८६४ सालचं, ९४० खाटांचं, महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. दीडशेहून जास्त वर्षं या शहरानं त्याचा उपयोग मुलांना धाक घालायला केला. तुझ्या आईनं तो धाक लहानपणी ऐकला असेल, तिच्यावर रागावू नकोस. वाद घालूनही उपयोग नाही. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी तिला घेऊन कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत बाकावर अर्धा तास बस. मेडिकल चालेल, मेयो चालेल. तिला दिसेल की रांगेत झोप न येणारी मास्तरीण आहे, दारू सुटत नाही म्हणून बायकोसोबत आलेला ड्रायव्हर आहे, परीक्षेच्या धसक्यानं खाणं सोडलेली पोरगी आणि तिचा डबा घेऊन बसलेली आई आहे. त्या आईशी तुझी आई आपणहून बोलायला लागेल, मला खात्री आहे.

लग्नाचं मी गोड बोलणार नाही. काही स्थळं या एका शब्दावर परत जातील. तुझ्या आईला त्याचा त्रास होईल आणि तो खरा असेल. पण तुला रात्रपाळ्या आहेत, आयसीयू आहे, या कारणांनीही स्थळं परत जात असतीलच. बघायला येणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगून टाक की तू काय शिकते आहेस आणि का. त्या मुलीची गोष्ट सांग, नाव न घेता. ऐकून तो काय विचारतो त्यावरून तुला पुष्कळ कळेल.

एक अट मात्र माझी. फॉर्म भरण्याआधी मनोरुग्णालयाचा वॉर्ड पुन्हा एकदा बघून ये. बी.एस्सी.ला तिसऱ्या वर्षी पोस्टिंग झालं असेल, पण ते गटानं, घाबरत, केस स्टडी उतरवून घ्यायला झालं. आता मोठ्या डोळ्यांनी बघ. तुझ्या जुन्या कॉलेजच्या मॅडमना विचार, परवानगी काढता येते. विशेषतः बऱ्या झालेल्या पण घरी न्यायला कुणी न आलेल्या बायकांशी बोल. कायद्याचं कलम १९ म्हणतं की कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. तरी त्या तिथं आहेत. त्यांच्यातली एखादी तुला गावाचं नाव सांगेल, भावाचं नाव सांगेल, दारातल्या झाडाचंही सांगेल. ते ऐकून घरी आल्यावरही तुला तिथं परत जावंसं वाटलं, तर फॉर्म भर.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आयसीयूत आत्ता काय. विष घेतलेला पेशंट शुद्धीवर येऊन बोलायला लागला की स्टूल ओढून बस. उभं राहून विचारू नकोस. सरळ विचार, "अजून मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो ही समजूत खोटी आहे, विचारल्यावर बहुतेकांचा खांदा सैल होतो. जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत नर्सिंग नोट्समध्ये लिही आणि राऊंडला डॉक्टरांकडे मनोविकारतज्ज्ञाच्या रेफरन्सचा आग्रह धर, एकदा नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईकाला बाजूला घेऊन विचार की फवारणीची औषधं घरात कुठं ठेवतात. ती कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडे, नाहीतर शेजारच्याच्या गोठ्यात. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. १४४१६ हा आकडा कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दे, आणि पंधरा दिवसांनी तुझ्या नाहीतर वॉर्डाच्या फोनवरून एक फोन कर.

आणि हे बोलणं शक्यतो रात्रीच्या ड्युटीत कर. दोन वाजून गेल्यावर नातेवाईक झोपलेले असतात, ट्यूबलाईट अर्ध्या बंद असतात, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला पेशंट तुझ्याकडे वळून बघतो.